सार, आयओस्टॅट की आयओटॉप: डिस्क मंदावली तर आधी कोणाला विचारायचं?

सियागंजातल्या घाऊक व्यापाऱ्याचं बिलिंग असो की पिथमपूरच्या कारखान्याचं ईआरपी, इंदूरमध्ये सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन येतो तो बहुतेक असा: "काल संध्याकाळी सिस्टीम फार हळू चालत होती." आज सकाळी पाहावं तर डिस्क शांत. म्हणून लिनक्सवर आधी काय बसवू असं कोणी विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: सार (sar) ही कमांड.

सार गेलेल्या वेळेचा हिशोब ठेवतं. एरवी दर 10 मिनिटांनी नोंद होते आणि ‘सार -डी’ने काल सहा वाजता कोणती डिस्क किती दाबाखाली होती ते आज दिसतं. उबंटू-डेबियनवर नुसतं पॅकेज टाकून थांबू नका, नोंदी खरोखर होताहेत का ते तपासा. पुष्कळदा ती सोय बंदच असते. उणीव एकच, पण मोठी: 10 मिनिटांच्या सरासरीत वीस सेकंदांचा अडथळा विरघळून जातो. नोंद दर मिनिटाला करा. फाइल थोडी फुगेल, फुगू द्या.

त्रास आत्ता चालू असेल तर आयओस्टॅट. ते सारच्याच सिसस्टॅट पॅकेजात येतं, म्हणजे वेगळं काही टाकायला नको. ‘आयओस्टॅट -एक्स 2’ चालवलं की दर दोन सेकंदांनी आकडे येतात. पहिला तक्ता सोडून द्या. ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या तक्त्यात समजा सेकंदाला 400 राइट (डिस्कवर लिहिण्याच्या विनंत्या), राइट-अवेट (एक राइट पुरं व्हायला लागणारा सरासरी वेळ) 50 मिलिसेकंद आणि रांगेची लांबी 20 दिसली. 400 गुणिले 0.05 बरोबर 20, म्हणजे आकडे एकमेकांशी जुळतात. प्रत्येक राइट सरासरी 50 मिलिसेकंद खोळंबतंय. 7200 आरपीएमच्या डिस्कची एक फेरीच 8.3 मिलिसेकंदांची असते, त्यामुळे तिथे दहा-पंधरा मिलिसेकंद चालून जातील. एसएसडीवर 50 म्हणजे नक्की काहीतरी बिघडलंय.

युटिलचे (डिस्क किती वेळ कामात होती त्याचे) 100 टक्के पाहून मात्र घाबरू नका. एसएसडी आणि रेड (अनेक डिस्क जोडून केलेला संच) एका वेळी अनेक कामं उरकतात, तिथे 100 टक्के म्हणजे क्षमता संपली असं नव्हे. अवेट अर्ध्या मिलिसेकंदाचा असेल तर डिस्क मजेत आहे. सॅन (नेटवर्कवरून जोडलेलं सामायिक स्टोरेज) असेल तर मल्टिपाथच्या, म्हणजे सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंतच्या अनेक वाटांपैकी, प्रत्येक वाटेचा अवेट वेगवेगळा पाहा. एकच वाट हळू असेल तर आधी केबल, पोर्ट, स्विच तपासायचं, स्टोरेज नंतर.

कोणता प्रोग्रॅम डिस्कला कामाला लावतोय हे या दोघांकडून कळत नाही. आयओटॉप ते सांगतं, दिसतंही छान, पण रूट (प्रशासकाचे अधिकार) लागतं. शिवाय कर्नल (लिनक्सचा गाभा) 5.14 पासून डिले-अकाउंटिंग, म्हणजे प्रोग्रॅम किती वेळ खोळंबला याची मोजणी, मुळातच बंद असतं, त्यामुळे आयओ टक्क्यांचा रकाना रिकामा राहतो. सिसकंट्रोल (sysctl) या कर्नलच्या सेटिंग बदलणाऱ्या कमांडने ते चालू करावं लागतं. मला ‘पिडस्टॅट -डी’ जास्त पटतं. तेही सिसस्टॅटमधलंच, आणि त्याचं आउटपुट सरळ फाइलीत वळवून रात्रभर सोडून देता येतं. मध्यरात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत लांबून गल्ल्यावरच्या बिलिंगला आडवा येतोय हे त्यात स्पष्ट दिसतं.

बीएलकेट्रेस रोजच्या कामाचं नाही. ते प्रत्येक रिक्वेस्टची नोंद करतं, डेटा भराभर वाढतो, आणि ज्या डिस्कची तपासणी चाललीय तिच्यावरच तो साठवला तर आकडेच बिघडतात. पण स्टोरेज पुरवणारा "आमच्याकडे सगळं ठीक आहे" म्हणत असेल तेव्हा तेच कामाला येतं. बीटीटीच्या (या नोंदींचा सारांश काढणाऱ्या प्रोग्रॅमच्या) अहवालातला ‘डी टू सी’ म्हणजे डिव्हाइसकडे दिल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ, तर ‘क्यू टू डी’ म्हणजे त्याआधी कर्नलमध्येच गेलेला. पहिला फुगलेला असेल तर पुरवठादाराला तो अहवाल पाठवा. दुसरा फुगलेला असेल तर आपल्याच सर्व्हरचा शेड्युलर (कोणती रिक्वेस्ट आधी जाईल ते ठरवणारा भाग) आणि रांगेची सेटिंग आधी उघडा.