खऱ्या परवान्यावरची खोटी नोकरी

ब्रिटनमधील नोकरीच्या व्हिसाच्या नावाखाली आमच्या कुटुंबाची जी फसवणूक झाली, तिच्यात एकही कागद बनावट नव्हता, आणि म्हणूनच ती सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. कंपनी तिकडे रीतसर नोंदलेली होती, परदेशी कर्मचारी बोलावण्याचा परवाना तिच्याकडे होता आणि व्हिसा ब्रिटिश सरकारनेच दिलेला होता. खोटी होती ती फक्त नोकरी. व्हिसा खरा आहे की नाही याची खातरजमा केली म्हणजे आपण सुरक्षित झालो, असा समज वडोदऱ्यातील आपल्या मराठी घरांतूनही रूढ आहे. तो समज या व्यवहारात काहीच कामाला आला नाही.

माझा पुतण्या मकरपुरा जीआयडीसीतील व्हॉल्व्ह बनविणाऱ्या कारखान्यात खरेदी विभागात होता. २०२३ च्या दिवाळीनंतर अलकापुरीतील एका व्हिसा सल्लागाराने त्याला लेस्टरमधील कंपनीत खरेदी अधिकाऱ्याची जागा आणि तीन वर्षांचा ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसा देऊ केला. रक्कम ठरली तेरा लाख रुपये, आणि व्हिसाचे सरकारी शुल्क वेगळे. त्यांपैकी दीड लाख चेकने घेऊन त्यावर ‘मुलाखत प्रशिक्षण व कागदपत्र सहाय्य’ असे जीएसटीचे बिल देण्यात आले. उरलेले साडेअकरा लाख आंगडिया पेढीतून, म्हणजे रोकड पोहोचवणाऱ्या खासगी पेढीतून, गेले. पैसे पोहोचल्याची खूण म्हणून दहा रुपयांच्या नोटेचा क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवर आला. त्याखेरीज त्या रकमेची पावती म्हणून काहीही हाती आले नाही.

घाई करण्याचे जे कारण सल्लागाराने सांगितले, तेही खरे होते. ब्रिटिश सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले होते की या व्हिसासाठी लागणारा किमान वार्षिक पगार २६,२०० पौंडांवरून ३८,७०० पौंड होईल, आणि ही वाढ ४ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. तिकडची सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठी व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभारही ६ फेब्रुवारी २०२४ ला वर्षाला ६२४ पौंडांवरून १,०३५ पौंड झाला. “साहेब, फेब्रुवारी उजाडला की खर्च वाढेल आणि एप्रिलनंतर दारच बंद,” हे त्याचे बोलणे कुणीही सरकारी संकेतस्थळावर पडताळून पाहिले असते, तर बरोबरच निघाले असते. अशा लोकांची बातम्यांवर आपल्यापेक्षा अधिक बारीक नजर असते, हे मी माझ्या व्यवसायातही पाहतो.

मी रावपुऱ्यात करसल्लागार म्हणून काम करतो. प्रकरण बिघडल्यावर सगळे कागद माझ्याकडे आले, तेव्हा मी प्रथम एवढेच मांडले की मालकाला हा माणूस बोलावण्यासाठी स्वतःच्या खिशातून किती खर्च येतो. ज्याला सगळे सीओएस म्हणतात, ते सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप म्हणजे छापील प्रमाणपत्र नसून मालकाने सरकारी प्रणालीत केलेली एक इलेक्ट्रॉनिक नोंद असते. तिचा क्रमांक व्हिसाच्या अर्जात भरायचा असतो आणि तो तीन महिन्यांच्या आत वापरावा लागतो. त्या काळी या नोंदीचे शुल्क २३९ पौंड होते. त्याशिवाय लहान कंपनीला प्रत्येक कर्मचाऱ्यामागे वर्षाला ३६४ पौंड कौशल्य आकार, म्हणजे परदेशी माणूस बोलावल्याबद्दलचा सरकारी आकार, भरावा लागे. तीन वर्षांचे मिळून हे १,३३१ पौंड होतात, म्हणजे त्या वेळच्या सुमारे १०५ रुपयांच्या भावाने एक लाख चाळीस हजार. कौशल्य आकार कर्मचाऱ्याकडून वसूल करण्यास पूर्वीपासूनच मनाई आहे, आणि ३१ डिसेंबर २०२४ पासून नोंदीचे व परवान्याचे शुल्कही त्याच्या माथी मारता येत नाही. कर्मचाऱ्याने भरायचे ते व्हिसाचे शुल्क आणि आरोग्य अधिभार, आणि ते आमच्या मुलाने निराळे भरलेच होते. मग तेरा लाख कशाचे, या प्रश्नाचे उत्तर एकच उरते: नोकरी देणाऱ्याने खर्च करून माणूस आणला नव्हता, तर माणसाकडून पैसे घेऊन त्याला आपला परवाना वापरू दिला होता.

पुतण्या मार्च २०२४ मध्ये लेस्टरला पोहोचला. कार्यालय म्हणजे एका किराणा दुकानावरची खोली होती. तिथे दोन टेबले होती, एक बंद पडलेला प्रिंटर होता आणि खरेदी करावी असे काहीही नव्हते. पहिल्या आठवड्यातच त्याला सांगण्यात आले की रोज येण्याची गरज नाही. महिनाअखेरीस पगार त्याच्या बँक खात्यात रीतसर जमा झाला, पीडीएफ पगारपत्रकही आले आणि त्यापाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर एक आकडा आला. एटीएममधून रोज ठरावीक रकमेपेक्षा जास्त काढता येत नसल्यामुळे त्याने दोन-तीन दिवसांत तेवढी रोकड काढली आणि पाकिटात घालून त्याच खोलीत नेऊन दिली. त्या आकड्यात हाती आलेला पगार तर होताच, शिवाय कापलेला वीस टक्के प्राप्तिकर, राष्ट्रीय विम्यातील (पगारावर कापल्या जाणाऱ्या सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीतील) कर्मचाऱ्याचा वाटा आणि मालकाने भरायचा १३.८ टक्के वाटाही होता. याचा अर्थ असा की नोकरी चालू असल्याचे सरकारदरबारी दिसत राहावे, यासाठी तो दरमहा स्वतःचेच पैसे मालकाला देत होता. सरकारचे व्हिसा खाते कर खात्याच्या नोंदींशी पगाराचा ताळा घेते, आणि हा सगळा खेळ त्या ताळ्यासाठी होता.

हे पैसे आणायचे कुठून, याचेही उत्तर मालकाकडे तयार होते: गावात रोखीचे काम पुष्कळ आहे. किमान वेतन एप्रिल २०२४ पासून ताशी ११.४४ पौंड असताना रोखीत त्याहून बरेच कमी मिळत असे. शिवाय या व्हिसावर प्रायोजक, म्हणजे ज्याच्या नोंदीवर व्हिसा मिळाला त्या, मालकाखेरीज दुसरीकडे आठवड्याला वीस तासांपर्यंत आणि तेही ठरावीक प्रकारचेच काम करता येते. त्यामुळे पाकीट भरण्यासाठी जे काम करावे लागते, तेच व्हिसाच्या अटी मोडते. एकदा अट मोडली की कर्मचारी तक्रार करण्यास धजावत नाही, आणि माझ्या मते मालकाचे खरे संरक्षण परवान्यापेक्षा या भीतीतच होते.

पुढे सरकारने त्या कंपनीचा परवाना आधी स्थगित केला व नंतर रद्द केला. पुतण्याला पत्र आले की त्याच्या व्हिसाची मुदत साठ दिवसांवर आणली आहे. त्या अवधीत नवा प्रायोजक शोधून नवा अर्ज करायचा, नाहीतर देश सोडायचा. कर्मचारी स्वतः गैरव्यवहारात सामील असल्याचे सरकारचे मत झाले, तर हे साठ दिवसही मिळत नाहीत. जुन्या व्हिसाधारकांना मालक बदलताना २९,००० पौंडांची सवलतीची पगारमर्यादा लागू होती, त्यामुळे आशेला जागा होती. परंतु ज्याच्याकडे आधीच्या कंपनीत केलेले एकही खरे काम दाखवायला नाही, त्याला नवा मालक कसा मिळावा? २०२४ च्या अखेरीस तो परत आला.

सरकारने प्रसिद्ध केलेल्या परवानाधारक प्रायोजकांच्या यादीत कंपनीचे नाव आहे, हे सल्लागार मोठ्या अभिमानाने दाखवतात. ती यादी खरी असते, पण परवाना आहे एवढेच ती सांगते. ‘कंपनीज हाउस’ या ब्रिटिश नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणत्याही कंपनीचे दाखल हिशेब विनामूल्य पाहता येतात, आणि लहान कंपन्यांनाही त्यांत वर्षातील कर्मचाऱ्यांची सरासरी संख्या द्यावी लागते. आमच्या प्रकरणातील कंपनीच्या हिशेबात ती संख्या एक होती. एका माणसाची कंपनी वडोदऱ्याहून खरेदी अधिकारी का बोलावते, हे विचारायला हिशेबतपासणीचे शिक्षण लागत नाही. जो मालक व्हिडिओवर अर्ध्या तासाची तांत्रिक मुलाखतही घेत नाही, पण ज्याचा मध्यस्थ पहिल्याच भेटीत हप्ते ठरवतो, तो नोकरी देत नसून व्हिसा विकतो आहे असे समजावे. ब्रिटनमध्ये रोजगार संस्थांनी काम मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून शुल्क घेण्यास १९७३ च्या कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला नोंदणी अनिवार्य आहे, नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट संकेतस्थळावर असते, आणि अशा एजंटाला ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यांपेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. आमचा सल्लागार त्या यादीत नव्हता. आपण भरती करत नाही, फक्त फाइल तयार करतो, असे त्याचे म्हणणे आहे.

पोलिसांकडे तक्रार देताना हीच अडचण आली. “व्हिसा मिळाला ना? मग फसवणूक कसली?” हा सल्लागाराच्या वकिलाचा पहिला मुद्दा होता, आणि वरवर पाहता तो बिनतोड आहे. आमच्या बाजूने उपयोगी पडले ते दोन प्रकारचे पुरावे. सीओएसची किंमत सल्लागाराने स्वतःच्या आवाजात सांगितलेले व्हॉइस मेसेज पुतण्याने पुसून टाकले नव्हते, आणि पगार परत मागणारे संदेश ज्या तारखांचे होते, त्याच तारखांना त्याच्या बँक खात्यातून रोकड निघालेली होती. रोखीने पैसे दिले म्हणजे आपणच अडकू, या भीतीने पुष्कळ कुटुंबे गप्प राहतात. परंतु त्या वेळी लागू असलेल्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम २६९एसटीप्रमाणे दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्याचा दंड घेणाऱ्यावर बसतो, देणाऱ्यावर नव्हे. अर्थात, दिलेली रक्कम कुठून आली हे आपल्याला दाखवता आले पाहिजे. आमच्याकडे वहिनींच्या मोडलेल्या मुदत ठेवींची नोंद होती.

आता जुलै २०२५ पासून त्या व्हिसाची किमान पगारमर्यादा सर्वसाधारणपणे ४१,७०० पौंड झाली आहे आणि नव्या अर्जदारांसाठी काही अपवाद वगळता पदवीच्या पातळीचीच कामे उरली आहेत. त्यामुळे तोच सल्लागार सध्या युरोपातील दुसऱ्या देशांची ‘वर्क परमिट’ सांगतो, असे कळते. आमच्याकडे त्याच्याकडून तडजोडीचा मसुदा आला आहे. चेकने घेतलेले दीड लाख जीएसटी वजा करून परत, आणि त्याबदल्यात उरलेल्या रकमेबाबत आमचा कोणताही दावा नाही, असे स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचे. आम्ही सही केलेली नाही.