फ्रंट लोड वॉशिंग मशीन, 22 महिन्यांनंतर: वास गेला, तीन भोकांवरचा राग गेला नाही

मशीन 2023च्या दसऱ्याला घेतलं. 7 किलो, फ्रंट लोड म्हणजे समोरून दार असलेलं, हीटरवालं, 29,500 रुपये. बाकीचं तुम्ही दुकानातल्या स्टिकरवर वाचलेलंच असेल. आवाज कमी, साड्यांची वाट लागत नाही, स्पिनला मशीन बाल्कनीभर फिरत नाही. तेव्हा मी चार तारे दिले होते. मागच्या वर्षी जुलैत रागाच्या भरात एक केला. आज दुसऱ्यांदा बदलतेय, म्हणून हे लांबलचक.

सुरुवात आमच्या मावशींनी केली. त्या सकाळी कपडे वाळत घालायला येतात. एक दिवस टॉवेल झटकता झटकता थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, हे धुतलेत ना? का धुवायचेत?" धुतलेले होते. मशीन थांबून दहा मिनिटंही झाली नव्हती. मी टॉवेल नाकाला लावला आणि थेट पोतेऱ्याचा वास आला.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. जुलैत कपडे हॉलमध्ये स्टँडवर, पंख्याखाली, तीन-तीन दिवस. त्यामुळे पहिले तीन आठवडे सगळा दोष पावसावर गेला. मग मी सॉफ्टनर वाढवला. एका टोपणाची दोन टोपणं. घरभर गुलाबाचा वास आणि गुलाबाच्या मागे पोतेरं. शेवटी एकदा, कपडे नसताना, नुसतं दार उघडलं आणि आतून जे आलं ते म्हणजे गणपतीनंतर निर्माल्याची पिशवी बाल्कनीत चार दिवस विसरली की येतं ते. तेव्हा कळलं, दोष पावसाचा नाही.

सर्व्हिसवाल्याची वेळ दोनदा बदलली. आला तो उभ्यानेच. दारातून एकदा हुंगलं, मोबाइल काढला, म्हणाला, "रबर बदलावं लागेल. 2,850, लेबर वेगळं." मी म्हटलं वॉरंटी आहे. "रबर-प्लास्टिक वॉरंटीत येत नाही, मॅडम." बरं, निदान वाकून तरी बघ. तर बॅगेतून मशीन साफ करायच्या पावडरची तीन पाकिटं निघाली, महिन्याला एक टाका म्हणे. रबर घेतलं नाही, पाकिटं घेतली नाहीत, तरी व्हिजिटचे 500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी मिळून 590 गेले. कारण वास ही 'क्लीनिंगची' तक्रार आणि ती वॉरंटीत बसत नाही. ते बिल मी अजून फ्रिजवर लावून ठेवलंय.

त्या 590च्या रागात मी रात्री पाट घेतला, टॉर्च घेतला आणि मशीनसमोर बसले. फ्रंट लोडवाल्यांनो, तुम्हीही एकदा बसा. दाराच्या गोल रबराला एक दुमड असते. खालच्या बाजूला, घड्याळात सहा वाजतात तिथे, रबराची कड दोन्ही हातांनी ओढून धरली की आत एक पन्हाळ दिसते. माझ्या पन्हाळीत पाणी साचलेलं. किती? मुलाच्या औषधाची 10 मिलीची सिरिंज होती, तिने ओढून काढलं. साडेचार सिरिंजा. पाणी करड्या रंगाचं, तळाला शेवाळी गाळ, गाळात एक हेअरपिन, दोन रुपयांचं नाणं आणि शाम्पूच्या पुडीचा कोपरा. रबरावर आतून काळे ठिपके, पावसात भिंतीला येतात तसे.

आणि आता त्या भोकांबद्दल. या पन्हाळीच्या तळाला पाणी ड्रमभोवतीच्या टाकीत निथळून जावं म्हणून भोकं ठेवलेली आहेत. तीन. उडदाच्या दाण्याएवढी. मला त्यातलं एकच दिसत होतं, बाकीची दोन कपड्यांच्या लवीने बुजली होती. म्हणजे यंत्रात टॉवेल, सतरंज्या, लोकरी टोप्या घालायच्या, त्यांची लव सुटणार हे शेंबड्या पोरालाही माहीत, आणि तिचा निचरा सोपवायचा कोणावर, तर तीन उडदांवर. आमच्याकडे साठ रुपयांची पिठाची चाळणी आहे, तिला याहून जास्त विचारपूर्वक भोकं पाडलीत. कुठल्या जाहिरातीत ही भोकं सांगत नाहीत. ऍपवरून मशीन चालू करता येतं हे मात्र पहिल्या पानावर सांगतात.

भोकं साफ करायला आधी अडगळीतली स्टोव्हची पिन काढली. तिची तार लवचिक, नुसती वाकली. मग सासूबाईंची क्रोशाची सुई न विचारता घेतली. ही एकदम बरोबर. टोक बोथट असल्याने रबराला भोसकत नाही आणि आकड्यात लव अडकून बाहेर येते. पहिल्या भोकातून बोटभर लांब काळी वात निघाली. ती बघून सासूबाई सुई मागायला आलेल्या तशाच परत गेल्या. ती सुई आता मशीनच्या बाजूला खिळ्यावर लटकते, त्यांनी नवीन आणली.

रबर ओल्या फडक्याने आणि थोड्या धुण्याच्या पावडरीने पुसलं, भोकं मोकळी केली, दार उघडं ठेवायला लागले. वास गेला. मी इथे येऊन खुशीत लिहिणारच होते की सगळा दोष भोकांचा. बरं झालं आळस केला. तीन आठवड्यांनी मावशींनी पुन्हा टॉवेल झटकला आणि माझ्याकडे बघितलं.

इथून पुढचं मला लिहायला आवडत नाहीये, कारण यात कंपनीला फार शिव्या देता येत नाहीत.

यूट्यूबवर खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायला सांगतात. फेस भरपूर येतो, बघायला बरं वाटतं, पण आम्ल आणि क्षार एकमेकांना मारून खाली उरतं ते खारट पाणी. शंभर रुपये गटारात. मग नवऱ्याने ब्लीच आणलं आणि उरलेल्या व्हिनेगरसकट ओतायला निघाला. त्याला हात धरून थांबवलं. ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. छोट्या ड्राय बाल्कनीत, दार लावून, हे कोणी करू नका. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीचचंही तेच.

मग एक प्रयोग केला. मशीन रिकामं, साबणाचा थेंब नाही, 60 डिग्रीवर लावलं आणि काचेसमोर चहा घेऊन बसले. वीस मिनिटांत काचेवर फेस आला. साबण न घालता! हा साबण गेल्या कित्येक महिन्यांचा, ड्रमच्या मागे थरावर थर बसलेला. लिक्विडच्या बाटलीचं टोपण भलं मोठं असतं, त्यात आतून बारीक रेघा असतात, त्या मी कधी बघितल्याच नव्हत्या. टोपण म्हणजे टोपणभर, वर 'अजून थोडं'. सॉफ्टनरचं तर विचारू नका, तो मुळातच कपड्यावर चिकट थर बसवायला असतो आणि तसाच तो मशीनच्या आतही बसतो. साबणाचा ट्रे बाहेर ओढून काढला (मधली खुंटी दाबली की पूर्ण निघतो, मला 9 महिने माहीत नव्हतं), तर सॉफ्टनरच्या खणात गुलाबी जेली आणि ट्रे जिथे सरकतो त्या खोबणीच्या छताला काळी बुरशी. जुन्या टूथब्रशने अर्धा तास लागला.

आणि मुख्य गुन्हा. मशीन घेतल्यापासून मी एकच प्रोग्रॅम वापरत होते, 15 मिनिटांचा, थंड पाण्याचा. का? तर वीज वाचते. हीटरवालं मशीन हट्टाने घेऊन 9 महिने हीटर एकदाही चालू केला नव्हता. त्वचेचं तेल, साबणाचा चिकटा आणि दमट अंधार, यात जिवाणूंचा थर वाढतो. थंड पाण्याने त्याला काही होत नाही, उलट रोज नवीन खाऊ मिळतो.

यातलं एक वाचून माझं डोकं खरंच शांत झालं. जपानमधल्या संशोधकांनी 2012 मध्ये या ओल्या कपड्यांच्या कुबट वासाचा माग काढला, तर मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू सापडला. तो वाळवण्याला पुरून उरतो. म्हणूनच आमचा टॉवेल उन्हात वाळला की शहाण्यासारखा वागायचा आणि अंग पुसल्याबरोबर पुन्हा पोतेरं व्हायचा. मी इतके दिवस समजत होते की मुलगा अंघोळ नीट करत नाही. त्याची माफी मागितली नाही, पण आइस्क्रीम दिलं.

सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग आम्ही पांढरे कपडे धुण्याचा सोडा घालून हंड्यात उकळायचो ते काय हौस म्हणून?" त्यावर मी काही बोलले नाही.

आता जे करते ते सांगते. आठवड्याला एकदा टॉवेल, पायपुसणी, चादरी 60 डिग्रीवर, लिक्विड नाही, पावडर. ऑक्सिजन ब्लीच असलेली बघून घ्या, लिक्विडमध्ये सहसा ते नसतं. रंग जाणारे आणि सिंथेटिक कपडे यात घालू नका, माझी एक नायट्यांची जोडी गुलाबी झालीय. सॉफ्टनर बंद. साबण आधीच्या निम्म्याहून कमी. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे टँकरचं बोअरचं पाणी येतं, जड, बादलीला पांढरी रेघ सोडणारं. त्याचा थर काढायला त्या दोन महिन्यांत एकदा 100 ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक ऍसिड) ड्रममध्ये टाकून मशीन रिकामं, गरम पाण्यावर चालवते. ते किराणा-केमिकलच्या दुकानात किलोवर सुटं मिळतं. त्या तीन पाकिटांच्या पैशात माझं निदान दोन वर्षांचं लिंबूसत्व येईल, हिशोब करून बघितलाय.

विजेचाही हिशोब केला, कारण तोच माझा मुळातला आजार. एका रविवारी घरातलं फ्रिज सोडून सगळं बंद केलं, खाली जाऊन मीटरचा आकडा लिहिला, 60 डिग्रीचा एक लोड पूर्ण होऊ दिला, पुन्हा खाली गेले. साधारण 1 युनिट. आमच्या बिलाच्या दराने दहा-बारा रुपये. आठवड्याचे ते वाचवण्यासाठी मी टॉवेलचा लोड दोनदा धूत होते, वर सॉफ्टनरची बाटली. वॉचमन विचारत होता मॅडम मीटर का बघताय. सांगण्यासारखं नव्हतं.

फिल्टरचं थोडक्यात. मशीनच्या खाली उजवीकडे झडप आहे, आत फिरकीचा फिल्टर. महिन्यातून एकदा उघडा. आधी शेजारची बारीक काळी नळी काढून पाणी सोडायचं, नाहीतर पाय भिजतात. झडप जमिनीला इतकी टेकलेली की खाली परात जात नाही, ताटली जात नाही. केराची सुपली जाते. पहिल्यांदा दोन सुपल्या भरून घाण पाणी निघालं. ड्रेनचा पाइपही बसवणाऱ्याने नहाणीच्या जाळीत हातभर खाली कोंबला होता, टोक थेट गटाराच्या पाण्यात. वर ओढून टोक पाण्याच्या वर राहील असं बांधून घेतलं, प्लंबरने चहावर केलं.

पूर्ण वास जायला सलग तीन गरम रिकाम्या फेऱ्या लागल्या, एका दिवसात नाही, तीन रविवारी. पहिल्या फेरीनंतर तर वाढलाच होता आणि कपड्यांवर काळे पापुद्रे आले. घाबरू नका, ते आतला थर सुटतोय त्याचे. त्या दिवशी पांढरं काही लावू नका, एवढंच. गेल्या ऑगस्टनंतर रबर तेच आहे, बदललेलं नाही. काळे ठिपके थोडे राहिलेत, ते रबरात मुरलेत, निघत नाहीत, पण वास देत नाहीत. या वर्षीचा अख्खा जुलै बिनवासाचा गेला, म्हणजे मावशींच्या नाकाने. त्या आता प्रत्येक टॉवेल आधी हुंगतात आणि मगच चिमटा लावतात. सवय लागलीय.

तारे साडेतीन द्यायचे होते, इथे अर्धा देता येत नाही म्हणून तीन. चुका माझ्या निम्म्याहून जास्त हे मान्य करूनही चौथा तारा देणार नाही. गेल्या आठवड्यात कंपनीतून वाढीव वॉरंटीसाठी फोन आला होता. मी विचारलं, नवीन मॉडेलमध्ये दाराच्या रबराच्या भोकांचं माप काय? मुलीने "एक मिनिट, मॅम" म्हणून होल्डवर टाकलं. अकरा मिनिटं सनई ऐकली, मग फोन कट झाला. मी तोवर खिळ्यावरची सुई काढून मधलं भोक साफ करून घेतलं.