कूलरला थर्मोस्टॅट आणि टायमर: मार्च ते सप्टेंबरचा अनुभव

डिजिटल टायमरच्या पोटात एक चपटी बॅटरी असते. लाईन नसताना घड्याळ तिच्यावर चालतं. ही बॅटरी मेली की टायमर बिनकामाचा, हे डब्यावर कुठंही छापलेलं नाही. माझी जूनमध्ये मेली, म्हणून हे लिहितोय, नाहीतर मे महिन्यात मी पाचपैकी पाच देणार होतो.

सामान दोनच. सोळा वेळा चालू-बंद करणारा आठवडी टायमर आणि थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून चालू-बंद करणारा डबा. त्यात एफ-वन ते एफ-फोर अशी चार सेटिंगं आणि दोन रिले, म्हणजे आपोआप चालणारे स्विच. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, स्लॅबचं घर, खिडकीत लोखंडी बॉडीचा कूलर. मे महिन्यात स्लॅब रात्री बारापर्यंत आग ओकतो आणि पहाटे तोच कूलर अंगावर काटा आणतो. आई रोज म्हणे, "पहाटं पाय गारठतात न रे बाबू." उठून बंद कोण करणार? त्यात गावात नळ तिसऱ्या दिवशी. वीज जळाली तर बिल भरता येतं, टाकी संपली तर पाणी आणायचं कुठून? माझा सगळा हिशोब त्या पाण्याचा होता.

जोडणी अशी: टायमरवर अख्खा कूलर, रात्री ९ ते पहाटे ५. थर्मोस्टॅटवर फक्त पाण्याचा पंप. खोली २७ अंशांवर आली की पाणी बंद, पंखा चालूच.

इलेक्ट्रिशियननं थर्मोस्टॅटचा सेन्सर, म्हणजे तापमान मोजणारं टोक, थेट कूलरच्या तोंडासमोर चिकटवला. दहा मिनिटांत पंप बंद आणि खोली भट्टी. त्याला दाखवलं तर म्हणे, "चालून राहिला न भाऊ, आता काय पाहता?" सेन्सरची वायर जेमतेम मीटरभर येते. दोन पदरी साधी वायर जोडून सेन्सर समोरच्या भिंतीवर, खाटेच्या उंचीला नेला, टीव्हीपासून लांब. या सेन्सरचा रेझिस्टन्स २५ अंशाला दहा हजार ओहम असतो, त्यामुळे चार-पाच मीटर वायर वाढली तरी आकड्यात फरक पडत नाही.

आकडा खरा आहे का हेही पाहून घ्या. स्टीलच्या ग्लासात बर्फ फोडून भरला, वर थोडं पाणी घातलं, चमच्यानं ढवळलं आणि सेन्सरचं टोक मध्यभागी धरलं. ग्लासाला टेकवायचं नाही, बर्फालाही नाही. आकडा उतरत उतरत १.४ वर थांबला. तिथं शून्य हवं होतं. एफ-फोर म्हणजे आकड्याची दुरुस्ती, त्यात वजा १.४ टाकलं, विषय संपला.

एफ-टू म्हणजे पंप बंद होण्याच्या आणि परत चालू होण्याच्या तापमानातला फरक, तो कारखान्यातून ०.५ येतो. म्हणजे २७ ला पंप बंद आणि साडेसत्तावीसला परत चालू. रात्रभर टक, टक. बायको म्हणाली, "अहो, हे खोक्यात काय पाल पोसली का?" फरक २ केला, टकटक कमी झाली. एफ-थ्री म्हणजे परत चालू होण्याआधीचा उशीर. तो फ्रीजच्या कंप्रेसरसाठी असतो, पंपाला त्याची गरज नाही, पण शून्य करता येत नाही. किमान १ मिनिट, तेवढं ठेवा.

आणि हे सगळं प्लास्टिकच्या बंद डब्यात, कूलरपासून दूर. लोखंडी कूलरला अर्थिंग हवंच, जमलं तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच. दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात, इथं पैसे वाचवू नका.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, खरी परीक्षा झाली आणि तिथं त्यानं जिंकलं. आधी सकाळी टाकीच्या तळाशी गाळ दिसायचा, आता चार बोटं पाणी उरायचं. आईची तक्रार बंद. विजेचं म्हणाल तर पंप जेमतेम वीस वॉटचा, त्यातून काही वाचत नाही. १८० वॉटचा पंखा पहाटे तीन तास कमी चालला तर महिन्याला १६ युनिट. शंभर युनिटांच्या काठावरच्या घराला तेवढंही पुरतं, वरचा दर लागत नाही.

मग जूनमध्ये वादळ आलं, लाईन गेली आणि संध्याकाळी सातला आली. घड्याळानं मध्यरात्रीपासून मोजायला सुरुवात केली. रात्री कूलर लागला नाही, हातानं लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला कुणी नसलेल्या खोलीत कूलर आपोआप सुरू, टाकी अर्धी रिकामी, आणि बरोबर रात्री बाराला बंद. सगळं घर घामानं उठलं. नंतर लाईन जाईल तेव्हा हेच. विदर्भात पावसाळ्याच्या तोंडावर लाईन किती वेळा जाते हे मी सांगायला नको. थर्मोस्टॅटचे आकडे मात्र जसेच्या तसे राहतात, म्हणजे आठवण ठेवणं जमत नाही असं नाही.

विकणाऱ्याला फोन केला. "सर, बॅटरी वॉरंटीत येत नाही, ती झिजणारी वस्तू आहे." म्हटलं, मग बदलून द्या, पैसे देतो. "बदलता येत नाही सर, आतून सोल्डर केलेली असते." झिजणारी वस्तू, पण बदलता न येणारी! शेवटी तालुक्याच्या टीव्ही मेकॅनिकनं चहा पिता पिता टाके सोडवून दुसरी बसवली. आता नवीन घेणार असाल तर स्क्रू खोलून बॅटरी बदलता येते का हे आधी विचारा, बाकीचं नंतर.

जुलैत थर्मोस्टॅटबद्दलचं मतही बदललं. हवा दमट झाली की कूलरचं पाणी उडत नाही, खोली २९ च्या खाली येतच नाही. थर्मोस्टॅट बिचारा २७ ची वाट पाहत रात्रभर पंप चालवतो आणि चादर ओली. त्याला तापमान कळतं, दमटपणा कळत नाही. पहिला दमदार पाऊस पडला की पंपाचं बटणच बंद करायचं आणि नुसता पंखा घ्यायचा. म्हणून माझ्या मते हा मार्च ते जूनच्या मध्यापर्यंतचा सोबती, पुढं भिंतीवरचा शोभेचा डबा.

दुसरा रिले अजून रिकामा आहे, तो तापवायच्या कामाचा. डिसेंबरात कोंबडीची पिल्लं आणायची आहेत, त्यांच्या खोक्यातल्या बल्बला हाच जोडणार. पहिल्या आठवड्याला ३५, मग दर आठवड्याला तीन अंश खाली. टायमर त्यात लागत नाही.