हँकॉक हाउस, न्यू जर्सी: आधी भिंत, मग घर

एडिसनकडून निघालात तर साधारण दोन तासांत सेलमच्या पुढे हँकॉक्स ब्रिजला पोचता. पोचल्या पोचल्या आत शिरू नका. खरा ऐवज बाहेर आहे, पश्चिमेच्या भिंतीवर.

विल्यम आणि सेरा हँकॉक यांनी १७३४ साली हे क्वेकर (साधेपणा मानणारा ख्रिस्ती पंथ) वळणाचं घर बांधलं. वळचणीजवळ दोघांची आद्याक्षरं आणि साल, तेही विटांतच. शिवाय १९ उभ्या नागमोडी रेषा. यात रंग कुठेच नाही. भट्टीत विस्तवाकडे टोक करून रचलेल्या विटांवर लाकडाच्या राखेतले क्षार बसतात आणि ते टोक काचेसारखं निळसर-करडं होतं. फ्लेमिश बाँड या विटा रचण्याच्या पद्धतीत एकाच थरात एक वीट लांबीने, पुढची टोकाने, अशी आलटून पालटून येते, म्हणून टोकं दर्शनी मिळतात. नागमोडीसाठी हे करडं टोक दर थराला थोडं बाजूला सरकवायचं आणि काही थरांनी दिशा उलटवायची. एका थरात मोजणी चुकली की रेष तुटलेली दिसते. खालून एकच रेष धरून वर नजर न्या, गवंड्याचा हात कळेल.

अशा घराच्या विटांमधल्या दरजा सिमेंटने भरल्या तर नुकसान ठरलेलं. जुनी वीट मऊ, सिमेंट कडक. ओल दरजेतून बाहेर पडत नाही, विटेतच अडकते. थंडीत गोठून फुगते आणि विटेचे पोपडे निघतात. झिलई वरवरची असते, आत वीट लालच. पोपडा निघाला की त्या जागची नक्षीही गेली. म्हणून इथे चुनाच हवा.

आतल्या खोल्या आणि सामान साधं, अर्ध्या तासात आटोपतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, २१ मार्च १७७८ च्या पहाटे, इंग्रजांचे मेजर सिम्को यांच्या सुमारे ३०० जणांच्या तुकडीने इथे झोपलेल्या स्थानिक सैनिकांना संगिनींनी मारलं. तेव्हाचे घरमालक न्यायाधीश हँकॉक इंग्रजांच्या बाजूचे, तरी तेही त्यात गेले.

घर सरकारी आहे, प्रवेश फुकट. उघडण्याच्या वेळा मोजक्या, त्यामुळे फोन करूनच निघा. बंद असलं तरी भिंत दिसतेच. दुपार कलल्यावर जा, तिरप्या उन्हात झिलई चमकते. जवळ खाडी आणि दलदल आहे, उन्हाळ्यात डासांचं मलम विसरू नका. फोटो काढताना मागे अणुवीज केंद्राचा धुरांड्यासारखा मनोरा येणार नाही एवढं बघा; सपाट शेतात तो लांबूनही दिसतो.