एम.एच.ए. केलं, त्याचा जमाखर्च

नऊ वर्षं मिरजेत स्टाफ नर्स म्हणून काढली. मिरजेत नर्सला कामाची वाण नाही. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये इथं हॉस्पिटल उघडलं तेव्हापासून गाव दवाखान्यांचंच झालंय, कर्नाटकातले पेशंट रेल्वेनं उतरतात ते थेट रिक्षात बसून ओपीडी गाठतात. पण बढतीचं म्हणाल तर इन्चार्ज सिस्टर, मग मेट्रन, आणि मेट्रन बाई रिटायर कधी होतात याची वाट. म्हणून तेहतिसाव्या वर्षी, मुलगी पहिलीत असताना, मास्टर ऑफ हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशनला, म्हणजे एम.एच.ए.ला, अर्ज केला. डिग्री होऊन आता बरेच दिवस झाले. वॉर्डातल्या पोरी विचारत असतात, "सिस्टर, करू का?" प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहिते.

आधी नावांचा घोळ. एम.एच.ए. म्हणजे हॉस्पिटलच्या चार भिंतींच्या आतलं काम. एम.पी.एच. म्हणजे गावाचं, तालुक्याचं आरोग्य: साथी, लसीकरण, सर्व्हे. हॉस्पिटल मॅनेजमेंटच्या एम.बी.ए.त पहिलं वर्ष बहुतेक ठिकाणी सर्वसाधारण एम.बी.ए.चंच असतं. एम्ससारख्या संस्थांतली हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशनची एम.डी. फक्त एम.बी.बी.एस.वाल्यांना. माझ्या मैत्रिणीनं यातलं काहीच न बघता 'हेल्थ' शब्द दिसला म्हणून फॉर्म भरला आणि आता जिल्ह्यात डेंग्यूचे आकडे भरते. तिला आवडतं ते काम, हा भाग वेगळा.

पहिला अर्ज मुंबईत देवनारच्या टिसला (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) केला. तेव्हा त्यांची स्वतःची लेखी परीक्षा होती, १०० प्रश्न, १०० मिनिटं, चुकलं तरी मार्क कापत नव्हते. (आता सीयूईटी-पीजी या देशभरच्या सामायिक परीक्षेतून जावं लागतं.) लेखी निघाली. मुलाखत ऑनलाइन झाली, आणि "हॉस्पिटलमधली एक गोष्ट बदलायची असेल तर कोणती?" या प्रश्नावर मी दहा गोष्टी सांगत बसले. नाव लागलं नाही. चूक माझीच.

मग पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात प्रवेश घेतला. नाव लिहीत नाही, पुढे तक्रारी आहेत. अर्जापेक्षा कागदांनी जास्त दमवलं. बी.एस्सी. नर्सिंगची डिग्री नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, त्यामुळे तिथून मायग्रेशन आणि ट्रान्सक्रिप्ट. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू असल्याचा कागद. नऊ वर्षांचा अनुभवाचा दाखला, तोही लेटरहेडवर, कामाच्या तारखांसह. एवढं देऊनही गॅप सर्टिफिकेट मागितलं! नऊ वर्षं रात्रपाळ्या केल्या त्याला गॅप म्हणायचं. सेतू केंद्रात दोन दिवस रांग लावली. मायग्रेशन मात्र अर्जाच्या आधीच काढून ठेवा, माझं प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी दुपारी हातात पडलं.

वर्गात बी.डी.एस., बी.एच.एम.एस., फिजिओ, दोघं-तिघं बी.कॉम., आणि नर्स मी एकटी. पहिल्या महिन्यात ग्रुपमध्ये काम वाटताना मला 'नोट्स काढायचं' काम मिळे. ऑपरेशन थिएटरची यादी कशी लावतात हे विचारायची वेळ आली तेव्हा माझी खुर्ची मध्ये आली.

शिकवण्यातलं काय आवडलं? आकडेमोड. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर हसले असते. ऑपरेशन्स शिकवणाऱ्या सरांनी सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी आम्हाला एका ओपीडीत घड्याळ देऊन उभं केलं. तासाला ४० पेशंट येतात, सरासरी ४५ मिनिटं थांबतात. म्हणजे कुठल्याही क्षणी ३० माणसं थांबलेली असणार. खुर्च्या होत्या १८. नऊ वर्षं मी नातेवाइकांना "गर्दी करू नका, बाजूला व्हा" म्हणत आले होते. बाजूला व्हायला जागाच नव्हती, आणि ते साध्या गुणाकारानं कळत होतं.

औषधांच्या स्टोअरचं तसंच. ए-बी-सी म्हणजे पैशाच्या हिशोबानं वर्गवारी, व्ही-ई-डी म्हणजे गरजेच्या. अॅड्रेनालिनचा अॅम्प्युल पैशाच्या यादीत तळाला आणि गरजेच्या यादीत डोक्यावर. क्रॅश कार्टमध्ये (इमर्जन्सीच्या औषधांच्या ट्रॉलीत) तो संपलेला सापडणं काय असतं हे मला माहीत होतं. तो का संपतो हे इथं कळलं. स्टोअरवाला फक्त महागड्या मालावर डोळा ठेवून असतो.

काही विषय मात्र नुसते पाठांतराचे. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २०१६ चे, पिवळी, लाल, पांढरी, निळी, कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, लिहा आणि मार्क घ्या. आमच्या वॉर्डातल्या मावशी पीपीटी न बघता सांगतील की सलाइनचा सेट लालमध्ये, सुई पांढऱ्या डब्यात आणि काचेची व्हायल निळ्यात. त्यांना विचारायचा प्रश्न वेगळा आहे: रात्री तीन वाजता लाल पिशव्या संपल्या की काय करता? तो कुठल्याच पेपरात आला नाही. नर्सिंग होमचा १९४९ चा कायदा, एन.ए.बी.एच.ची (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या मंडळाची) मानकं हेही असंच उरकलं. मानकांचं पुस्तक खरं कळतं ते ऑडिटच्या आदल्या रात्री फायली लावताना.

या डिग्रीत पैसे वसूल झाले असतील तर ते प्रोजेक्टमध्ये. विषय घेतला डिस्चार्ज. पेशंटला सकाळी नऊच्या राउंडला डॉक्टर म्हणतात "आज घरी", आणि तो संध्याकाळी जातो. मधे काय होतं? सहा आठवडे १२० फायलींच्या मागे फिरले. कॅशलेसवाल्यांना, म्हणजे ज्यांचं बिल विमा कंपनी परस्पर भरते त्यांना, सरासरी ५ तास ४० मिनिटं लागत होती. सगळे टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणाऱ्या एजन्सीला, शिव्या घालत. पण त्यातले जवळजवळ दोन तास आमच्याच घरचे होते: आर.एम.ओ. (निवासी डॉक्टर) पूर्ण राउंड संपल्यावर डिस्चार्जची समरी लिहायला बसायचे, उरलेली औषधं फार्मसीत रिटर्न होईपर्यंत बिल बंद होत नसे, आणि रिटर्न घेऊन जाणारे मामा एकटे, तीन मजल्यांना. उपाय काही थोर नव्हता. उद्या सुटणाऱ्यांची कच्ची समरी आदल्या संध्याकाळी, रिटर्न रात्रपाळीत. सव्वा तास वाचला. पुढे मे २०२४ मध्ये विमा नियामक इर्डानं डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायला विमा कंपन्यांना बांधून घातलं. आमच्या घरचे दोन तास त्या नियमात धरलेले नाहीत.

आता तक्रारी. प्रवेशाच्या वेळी '१०० टक्के प्लेसमेंट' असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात आलेल्या बहुतेक जागा इन्शुरन्स डेस्क आणि फ्रंट ऑफिसच्या, पगार १८ हजार. मी वॉर्डात २६ हजार घेत होते. इंटर्नशिपचे दोन महिने बिनपगारी, आणि त्यातला एक बिलिंग काउंटरवर माणूस कमी होता म्हणून तिथं बसवलं. शिकले म्हणा काहीतरी, महात्मा फुले योजनेत बसणारा पेशंट रेशन कार्डाअभावी कसा अडकतो ते पाहिलं. पण ते शिकवायचं म्हणून बसवलेलं नव्हतं. प्रोजेक्टच्या गाइडची गाठ दोनदा पडली. दुसऱ्या वेळी त्यांनी समासाची मापं तपासली.

फी, होस्टेल, खाणं धरून साडेसहा लाख गेले. साडेचार कर्ज, बाकी माझी एफ.डी. दोन वर्षं मुलगी सासूबाईंकडे. त्या म्हणायच्या, "तू शीक, पण एवढं शिकून परत हॉस्पिटलातच जाणार ना?" हो, हॉस्पिटलातच.

कॉलेजच्या प्लेसमेंटमधून काही घेतलं नाही. ओळखीच्या मेट्रन बाईंनी कोल्हापुरात क्वालिटी विभागात जागा असल्याचं सांगितलं. मुलाखतीला त्या १२० फायलींचा तक्ता घेऊन गेले, बाकी कोणी काही विचारलंच नाही. पगार ३८ हजार. हप्ता वजा जाता वॉर्डातल्या पगारापेक्षा थोडंच वर उरतं, पण रात्रपाळी नाही.

पाचपैकी साडेतीन देते, आणि तेही नर्सना, फिजिओना, ज्यांनी निदान दोन-तीन वर्षं वॉर्ड पाहिलाय त्यांना. बारावीनंतर कुठलीशी डिग्री घेऊन थेट येणाऱ्याला दोन. आमच्या वर्गातला बी.कॉम. मुलगा हुशार होता, पण 'सेन्सस' म्हटलं की त्याला जनगणनाच आठवायची. रात्री बारा वाजता बेड मोजतात हे त्याला शेवटच्या सेमिस्टरला कळलं.

आणि फी भरण्याआधी कॉलेजकडे माहितीपत्रक मागू नका. मागच्या बॅचमधल्या तिघांचे नंबर मागा आणि त्यांना पहिला पगार विचारा. मी मागितले नव्हते. आमच्या कॉलेजनं आता माझं नाव 'यशस्वी माजी विद्यार्थिनी' म्हणून भिंतीवर लावलंय असं ऐकते. नंबर लावलेला नाही.