घड्याळाच्या चेनसाठी टूल-संच आणि अल्ट्रासोनिक डबा: पैसे कशाला टाकावेत

मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, घड्याळाची चेन लहान-मोठी करायचा संच सगळीकडे साधारण एकसारखाच मिळतो. निळा प्लास्टिकचा ठोकळा, त्यात फिरवून दाबायचा स्क्रू, चिमुकली हातोडी, तीन पंच, स्प्रिंग बार (चेन घड्याळाला जोडणारी, स्प्रिंगवर दबणारी पिन) काढायचं टूल, चिमटा आणि कप्प्यांच्या डबीत शंभरावर पिना. किंमत चार-पाचशेच्या आसपास. ‘चेनची सगळी कामं घरच्या घरी’ असं खोक्यावर लिहिलेलं असतं. कडी काढायचं काम त्यात होतं, हेही जपून केलं तरच. पण चेन सैल पडू नये म्हणून काही विकत घ्यायचं असेल, तर हा संच दुसऱ्या नंबरावर. पहिले पैसे अल्ट्रासोनिक डब्याला, म्हणजे पाण्यात ध्वनिकंपनांनी मळ सोडवणाऱ्या मशीनला.

‘चेन ताणली’ असं सगळे म्हणतात, पण ताणलं काहीच जात नाही. मनगटावरच्या वजनाने स्टीलची कडी लांबत नसते. झिजतात त्या कड्या जोडणाऱ्या पिना आणि पिनांची भोकं. सायकलच्या चेनचंही हेच होतं. एकेका सांध्यात ०.१ मिमी प्ले, म्हणजे सैलपणा, आला आणि सांधे २० असले, की चेन २ मिमी लांब झाली. घाम, त्वचेचा मळ आणि बांधकामाची बारीक धूळ सांध्यात शिरून तिथे काळपट लगदा होतो. गॅरेजमध्ये इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायला जी पेस्ट वापरतात, तेच काम हा लगदा करतो, फक्त हळूहळू आणि चोवीस तास. लोकलच्या कडीला हात धरून तासभर उभं राहिलं की प्रत्येक धक्क्याला सांधा थोडा फिरतो आणि पेस्ट आपलं काम करते.

सांधे जितके जास्त आणि तुकडे जितके बारीक, तितकी झीज लवकर दिसते. रोलेक्सने १९४५ मध्ये डेटजस्टबरोबर आणलेली पाच तुकड्यांची ज्युबिली चेन आणि तिच्या धर्तीवर निघालेल्या इतर कंपन्यांच्या चेन म्हणून लवकर लोंबतात. रुंद तीन तुकड्यांची चेन जास्त टिकते. जुन्या घड्याळांच्या दुमडलेल्या पत्र्याच्या कड्या सगळ्यात नाजूक. सोनं स्टीलपेक्षा मऊ, त्यामुळे सोन्याच्या चेनला हीच निगा दुपटीने हवी.

तपासणी फुकटात होते. घड्याळ आडवं धरायचं, डायल भिंतीकडे आणि चेन जमिनीला समांतर पुढे आलेली. भरीव कड्यांची नवी चेन जवळजवळ सरळ राहते, झिजलेली धनुष्यासारखी खाली झुकते. मागे पट्टी धरून फोटो काढून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा काढा. डोळ्यांना रोज बघून फरक कळत नाही, फोटोत कळतो.

आता डबा. ५००-६०० मिलिलिटरचा, ४० किलोहर्ट्झच्या आसपास चालणारा अल्ट्रासोनिक क्लीनर अडीच-तीन हजारांपासून पुढे मिळतो. त्याहून बऱ्याच स्वस्त डब्यांत नुसती थरथरणारी मोटर असते, नाव मात्र अल्ट्रासोनिकच. ओळखायचं सोपं आहे. डब्यात पाणी भरून किचनमधल्या अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा उभा बुडवायचा आणि मशीन चालू करायचं. खरं मशीन असेल तर एक-दोन मिनिटांत फॉइलला सुईने टोचल्यासारखी भोकं पडतात. फॉइल जसंच्या तसं राहिलं, तर डबा परत करावा. लॅमिंग्टन रोडला दुकानदार चालवून दाखवत असेल, तर फॉइल खिशात घेऊन जावं.

वापरताना चेन घड्याळापासून वेगळी करायलाच हवी. घड्याळ वॉटर-रेझिस्टंट असलं तरी डब्यात घालू नये. कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, तीन ते पाच मिनिटं. पहिल्या फेरीत पाणी गढूळ होतं, म्हणून ते ओतून दुसरी फेरी. मग मऊ टूथब्रशने प्रत्येक सांधा वाकवून घासायचा, नळाखाली धुवायचा आणि पंख्याखाली रात्रभर ठेवायचा. पावसाळ्यात पिनांच्या भोकांतलं पाणी सहज सुकत नाही, तेव्हा हेअर ड्रायरची थंड हवा मारावी. सोनेरी मुलाम्याची जुनी चेन डब्यात घालू नये. मुलामा सुटत असला तर इथे आणखी सुटतो. महिन्यातून एकदा पुरे, मार्च ते जून दोनदा.

डबा घ्यायचा नसेल तर वाटीत साबणपाणी, वीस मिनिटं भिजवणं आणि ब्रश. सत्तर टक्के काम होतं असं समजा. पण टूथपेस्ट नको. तिच्यात घासणारे बारीक कण असतात. चेन चकाकते, आणि कण सांध्यात शिल्लक राहून पुढे तेच भोकं पोखरतात. भांडी चमकवायची पॉलिशं, संडास साफ करायचं ॲसिड, ब्लीच हेही बाजूला ठेवा. क्लोराइडने स्टीलला टाचणीएवढे खड्डे पडतात. सांध्यात मशीनचं तेल सोडायचा सल्लाही कानामागे टाकावा. तेल धूळ धरून ठेवतं.

संचातला निळा ठोकळा फक्त दाबून बसवलेल्या पिनांसाठी आहे. कडीच्या आतल्या बाजूला बाण असतो. बाण दाखवतो त्या दिशेने पिन बाहेर ढकलायची, आत घालताना उलट दिशेने. ठोकळ्याची सुई कडीच्या भोकाच्या अगदी मधोमध नसेल, तर ती वाकते किंवा कडीवर ओरखडा ओढते. प्लास्टिकचे आटे चार-पाच वेळा जोर लावल्यावर जातात. घट्ट पिनेला त्यापेक्षा पंच आणि हातोडी बरी, खाली लाकडी आधार घेऊन. काही चेनींमध्ये मधल्या कडीत बारीकशी नळी असते. पिन निघाली की ती टपकन पडते आणि फरशीवर हरवते. पांढऱ्या टॉवेलवर बसून काम करा. नळीशिवाय पिन बसवली, तर ती एक दिवस रस्त्यात निसटते.

स्क्रूच्या पिना असतील तर संचात स्क्रूड्रायव्हर आले असले तरी ते फेकून द्यावेत. पातं खाचेत पूर्ण भरलं पाहिजे. सैल पातं खाचेचे काठ उडवतं. नागदेवी स्ट्रीटवर चांगल्या पोलादाचे सुटे ड्रायव्हर मिळतात, मापासाठी जुना स्क्रू सोबत न्यावा. बसवताना आट्यांवर जांभळ्या रंगाचं कमी ताकदीचं थ्रेडलॉकर (स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद), टाचणीच्या टोकावर येईल एवढंच. लॉकटाइट २२२ ही त्याची ओळखीची जात. लाल जात चुकूनही नको, मग स्क्रू तापवल्याशिवाय निघत नाही. एक दिवस सुकू द्यावं. अल्ट्रासोनिकच्या प्रत्येक फेरीनंतर हे स्क्रू तपासायचे. कंपनाने ते फिरतात, आणि ही तक्रार डब्याबद्दल नेहमी येते.

डबीतल्या पिना म्हणजे स्प्रिंग बार. त्यांत मापं भरपूर, जाडी मात्र बहुतेक एकच, १.५ मिमी. तुमच्या एंड-लिंकची (घड्याळाला टेकणाऱ्या शेवटच्या कडीची) नळी १.८ मिमीची असेल तर बारीक पिन आत खडखडते, घड्याळ हलतं आणि लगचं, म्हणजे चेन अडकते त्या घड्याळाच्या शिंगाचं, भोक अंडाकृती होतं. १८, २० किंवा २२ मिमी या रुंदीबरोबर जाडीही व्हर्नियरने मोजा. सेकोच्या डायव्हर घड्याळांत तर २.५ मिमी जाड पिना असतात, त्या सुट्या घ्याव्या लागतात. डबीतल्या पिनेची परीक्षा घ्यायची असेल, तर एक मिठाच्या पाण्यात दोन दिवस ठेवा. लालसर झाली, तर पूर्ण डबी कचऱ्यात.

फिटिंगही बघा. चेन इतकी सैल की घड्याळ मनगटावर गोल फिरतं, तर प्रत्येक हिसका सांध्यांवर येतो. इतकी घट्ट की खूण उमटते, तर दिवसभर ताण. करंगळी सरकेल एवढी जागा ठेवा, आणि उन्हाळ्यात हात सुजला की क्लास्पच्या (चेन बंद करायच्या कुलुपाच्या) बारीक भोकांतून एक घर पुढे जा.

राहिला घड्याळजी. “काका, चेन ढिली झालीय,” म्हटलं की बहुतेक ठिकाणी एक कडी काढून हातात देतात. मनगटावर घट्ट वाटते, पण उरलेल्या सांध्यांतला प्ले जागेवरच असतो आणि झीज पूर्वीच्याच वेगाने चालू राहते. काउंटरवर विचारायचा प्रश्न असा: “पिना बदलून देता का, आणि भोकं मोठी झाली असतील तर जाड पिना किंवा आत नळी बसवता का?” पत्र्याची चेन असेल तर कड्या दाबून देणारे भेटतात. चार-सहा महिने बरं वाटतं, मग पत्रा तडकतो. जाड पिना आणि नळीचं काम भरीव स्टीलवर टिकतं, पण त्याला प्रत्येक भोक एकसारखं करून घ्यावं लागतं, त्यामुळे मजुरी मोठी. साध्या घड्याळाला त्या पैशांत नवी चेन येते. ती घेताना कड्या भरीव आहेत का आणि एंड-लिंक पोकळ पत्र्याचे नाहीत ना, हे हातात धरून, वाकवून बघा.