दमट हवेत कुरकुरीत चिकन नाचोज: चिप्स, चीज आणि ओटीजी घेताना काय पाहावं

अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत बाजारपेठेच्या गावात आता नाचो चिप्सचं पाकीट, चीजचा ठोकळा आणि फ्रीजरमधलं मोझरेला सहज मिळतं. त्यामुळे आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी चिकन नाचोजचा, म्हणजे मक्याच्या चिप्सवर चिकन आणि चीज घालून ओव्हनमध्ये भाजायचा बेत केला, तर सामानासाठी वणवण होत नाही. फजिती होते ती ट्रे बाहेर काढल्यावर. कडेचे चिप्स करपलेले, मधल्यांचा लगदा आणि वर चीजची चिवट चादर. दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो. चिप्सने हवेतून ओढलेलं, चिकनला सुटलेलं, चीजमधून पाझरलेलं, सॉसमधून आलेलं. म्हणून इथे प्रत्येक वस्तू एकाच कसोटीवर पाहिली आहे: ती ट्रेमध्ये किती पाणी आणते, किंवा किती पाणी सोसते.

चिप्सपासून सुरुवात करू. पाकिटाच्या मागे घटकांची यादी असते, तिथे पहिलं नाव मक्याचं हवं. बटाटा किंवा तांदळाचं पीठ पहिलं असेल तर ते चिप्स नुसते खायला चांगले, पण गरम चिकनखाली चारपाच मिनिटांत बसतात. अस्सल नाचो चिप्ससाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून वाटतात. त्यामुळे पिठाला चिकटपणा येतो, चिप्स जाड लाटता येतो आणि तो वरचं ओझं पेलतो. मक्याचा तो खरपूस, किंचित मातकट वासही त्याच चुन्याचा. घ्यायचे ते साधे खारे चिप्स. चीज किंवा पेरी-पेरी मसाल्याचे घेऊ नयेत, कारण वरची भुकटी २०० अंशांवर करपून कडवट होते आणि चीजच्या मिठात त्यांच्या मिठाची भर पडते. पाकीट हातात घेऊन हलकेच हलवावं. तळाशी चुरा खुळखुळत असेल तर दुसरं उचलावं. दुकानाच्या दारात उन्हात टांगलेल्या माळेतलं पाकीट तर नकोच, त्यातलं तेल तारखेच्या आधीच खवट झालेलं असू शकतं.

जून ते सप्टेंबरमध्ये फोडलेलं पाकीट रबर लावून ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी चिप्स सादळतात. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ते बरे राहतात. सादळलेले चिप्स फेकायची गरज नाही. १५० अंशांवर ५ मिनिटं ट्रेमध्ये पसरून ठेवावेत आणि बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्यावेत. गरम असताना ते मऊच लागतात, कुरकुरीतपणा गार होताना परत येतो. खरं तर पावसाळ्यात ताज्या पाकिटातल्या चिप्सनाही ही ५ मिनिटं द्यावीत. एवढ्या एका पायरीने जितका फरक पडतो, तितका महागडं पाकीट घेऊनही पडत नाही.

आता चीज. अमूलचा प्रोसेस्ड चीजचा ठोकळा जवळपास प्रत्येक गावात मिळतो, आणि नाचोजसाठी त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. प्रोसेस्ड चीजमध्ये घातलेल्या क्षारांमुळे त्यातलं तूप आणि पाणी एकजीव राहतं. ते गुळगुळीत वितळतं आणि त्याला तेल सुटत नाही. मात्र त्याला तार नाही, आणि ओव्हनच्या वरच्या कॉइलखाली जास्त वेळ राहिलं तर त्यावर साय धरल्यासारखी कातडी येते. मोझरेलाला तार छान, पण त्यात पाणी जास्त, आणि गार झालं की ते रबरासारखं होतं. म्हणून दोन्ही एकत्र करावीत: १०० ग्रॅम मोझरेला आणि ५० ग्रॅम प्रोसेस्ड, म्हणजे २५ ग्रॅमच्या २ क्यूब. १५० ग्रॅम चिप्सना एवढं पुरतं. याहून जास्त चीज घातलं की खालचे चिप्स त्याच्या वजनानेच बसतात.

गोठलेलं मोझरेला ओट्यावर उघडं ठेवून वितळवू नये. आपल्याकडच्या हवेत त्यावर लगेच दव धरतं. आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात ठेवावं, किसल्यावर स्वच्छ पंचावर पसरून दाबून घ्यावं. बरण्यांतून मिळणारा पातळ चीज सॉस हा निराळाच प्रकार. १९७६ साली टेक्सासच्या एका बेसबॉल मैदानावर तो चिप्सवर ओतून विकायला लागले आणि पुढे थिएटरमध्ये तोच रुळला. बुडवून खायला तो ठीक, ओव्हनमध्ये त्याचं काम नाही, कारण त्यातलं पाणी थेट चिप्समध्ये उतरतं. घटकांत दुधाऐवजी वनस्पती तेल लिहिलेलं स्वस्त ‘अ‍ॅनालॉग’, म्हणजे नकली चीजही टाळावं. त्याला तेल सुटतं आणि चवीला ते मेणासारखं लागतं.

चिकन पाव किलो पुरतं, तिघांच्या जेवणाला. दुकानात लेग बोनलेस मागावं. ब्रेस्ट दोनदा तापवल्यावर भुशासारखं कोरडं होतं, लेग रसरशीत राहतं. दीड वाटी पाणी, अर्धा चमचा मीठ, हळद आणि आलं-लसूण घालून झाकण ठेवून मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं शिजवावं. आतला गुलाबीपणा जायला हवा. थर्मामीटर असेल तर जाड भागात ७४ अंश. त्याच पाण्यात १० मिनिटं मुरू देऊन मग हाताने तंतू काढावेत. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीच्या कालवणाला येतं, ट्रेमध्ये त्याचा थेंबही नको.

चुकतं ते पुढे. उकडलेलं चिकन तसंच चिप्सवर पसरलं की लगदा ठरलेला. कढईत एक मोठा चमचा तेल, ४ लसूण पाकळ्या, दीड चमचा मालवणी मसाला, अर्धा चमचा जिरेपूड आणि एका टोमॅटोचा किसलेला गर घालून तेल सुटेपर्यंत परतावं. मग तंतू घालून मोठ्या आचेवर ४-५ मिनिटं, कढईच्या तळाशी ओल दिसेनाशी होईपर्यंत. कान द्यावा: आधी रटरट येते, ती थांबून चुरचुर सुरू झाली की गॅस बंद. वेगळं मीठ घालू नये. मालवणी मसाल्यातली बडीशेप आणि दगडफूल मक्याच्या वासाशी उत्तम जुळतात, बाटलीतल्या ‘मेक्सिकन सीझनिंग’पेक्षा कितीतरी चांगली. एकच जपायचं, मसाला लागलेलं चिकन चीजच्या वर उघडं राहता कामा नये. कॉइलखाली तो मसाला करपून कडू होतो.

ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन, घेताना लिटरपेक्षा ट्रे मोजावा. दीडशे ग्रॅम चिप्स दोन विरळ थरांत मावायला साधारण ३० बाय २५ सेंटिमीटरचा ट्रे लागतो, आणि तो बहुधा २५ ते ३० लिटरच्या ओव्हनमध्ये येतो. १६-१८ लिटरच्या छोट्या ओव्हनमध्ये दोन अडचणी. चिप्सचा ढीग होतो, आणि वरची कॉइल चीजच्या इतकी जवळ येते की मध्यभाग तापण्याआधीच वरचं काळं पडतं. वरची आणि खालची कॉइल वेगवेगळी चालवता येणारं बटण असलंच पाहिजे. पंखा असेल तर उत्तम, त्याने वाफ एका जागी कोंडत नाही. नुसत्या मायक्रोवेव्हवर नाचोज करू नयेत, चिप्स मऊ पडतात.

विजेचा हिशेबही घालावा. १६०० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टला साधारण ७ अँपिअर ओढतो, म्हणून त्याला १६ अँपिअरचा पॉवर प्लग हवा. एक्स्टेन्शन बोर्ड नको. संध्याकाळी गावात व्होल्टेज २०० वर आलं, तर तोच ओव्हन जेमतेम १२०० वॅटची उष्णता देतो. पुस्तकातल्या वेळा चुकतात त्या यामुळे. अशा वेळी प्रीहीट १० ऐवजी १५ मिनिटं करावं आणि नंतर घड्याळापेक्षा चीजकडे पाहावं. खाडीकाठच्या आणि किनाऱ्यावरच्या घरांत खाऱ्या हवेने जाळी लवकर गंजते. वापर झाल्यावर जाळी आणि ट्रे कोरडे पुसावेत, ओव्हन निवेपर्यंत दार बोटभर उघडं ठेवावं. स्टीलची जाळी मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तीच घ्यावी.

आता रचना. ओव्हन २०० अंशांवर, दोन्ही कॉइल चालू. वाळवलेल्या चिप्सपैकी निम्मे ट्रेमध्ये पसरून त्यावर थेट एक तृतीयांश चीज घालावं. चिकनच्या आधी चीज, हे विसरू नये: वितळलेलं चीज चिप्सवर लेप धरतं आणि वरची ओल खाली उतरू देत नाही. मग निम्मं चिकन आणि उकडून, निथळून कोरडी केलेली पाव वाटी चवळी. उरलेले चिप्स, पुन्हा एक तृतीयांश चीज, उरलेलं चिकन, शेवटी बाकीचं चीज. दोनाच्या वर थर नकोत. मेक्सिकोतल्या पिएद्रास नेग्रास गावात १९४० च्या दशकात इग्नासिओ आनाया यांनी हा पदार्थ पहिल्यांदा मांडला, तेव्हा तळलेले तुकडे, वर चीज आणि हालापेन्यो मिरची, एवढंच होतं. ढीग नव्हता. नाचो हे इग्नासिओचं लाडकं नाव.

मधल्या खणात ६ मिनिटं, मग फक्त वरची कॉइल आणि १ ते २ मिनिटं दारासमोर उभं राहून. चीज आधी चकाकतं, कडेला बारीक बुडबुडे येतात, मग मध्ये चारदोन बदामी ठिपके उमटतात. तेव्हाच बाहेर. आणखी मिनिटभर ठेवलं तर चिप्सची टोकं काळी होतात. ऐन वेळी वीज गेली तर दार उघडू नये, तापलेला ओव्हन चीज वितळवण्यापुरता गरम असतो. वरचे ठिपके मात्र येणार नाहीत.

साल्सा, म्हणजे टोमॅटोची कच्ची चटणी, ओव्हनमध्ये कधीच नाही, वाटीत वेगळा. २ टोमॅटो बिया काढून, एक अलिबागचा पांढरा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर. लिंबाऐवजी एक चमचा कोकमाचं आगळ घातलं तर रंग आणि आंबटपणा दोन्ही सुरेख येतात, पण आगळ खारट असतं, तेव्हा मीठ चाखून आणि अगदी वाढताना. आधी घातलं तर टोमॅटो पाणी सोडतो. एप्रिल-मेमध्ये टोमॅटोच्या निम्मी कैरी बारीक चिरून घालावी. सावर क्रीम शोधत बसू नये, अर्धी वाटी चक्का दोन चमचे दुधात फेटला की काम होतं. बरणीतले हालापेन्यो निथळून, पुसून घ्यावेत.

मक्याच्या चिप्सऐवजी फणसाचे तळलेले गरे घ्यावेत का? चव जमते, चिकनशी तर फारच. पण गरे अरुंद आणि वळलेले, चीज त्यांच्यावर ठरत नाही आणि २०० अंशांवर ते पटकन लाल होतात. त्यांचा चुरा वाढताना वर भुरभुरावा, तो शेवटपर्यंत कुरकुरीत राहतो.